वजनदार माणसं पुढं

चांद्याहून मूलला जाणाऱ्या मोटारीच्या मागं आणखी एक डबा जोडलेला असायचा, असं आज कुणाला सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग माझ्या पांढऱ्या केसांकडे. बघा बापडे. त्या डब्यात कंडक्टर म्हणून मी जी धूळ खाल्ली ती गोळा केली असती तर धानाची एक बांधी, म्हणजे अख्खं खाचर, भरलं असतं, आणि वर मलाच खोटं पाडायला निघालेत.

पंचावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. एसटी तेव्हा आमच्या भागात आली नव्हती. मोटार गुणवंतरावांची, डबाही गुणवंतरावांचा, पण डोकं बाबूभाई ड्रायव्हरचं. लढाई संपल्यावर फौजेचं सामान लिलावात निघालं होतं. त्यातली एक दोन चाकांची गाडी गुणवंतरावांनी हौसेनं घेतली आणि तिच्यावर त्यांच्या शेळ्या बसू लागल्या. बाबूभाईनं शेळ्या हाकलल्या, गाडीवर फळ्या ठोकून घेतल्या, वर ताडपत्री घातली, पुढच्या दांड्याला कडी लावली आणि ती मोटारीच्या मागं अडकवली. कागदावर तिचं नाव ट्रेलर. लोकांनी त्याचं टेलर केलं. एक म्हातारी चोळीचं कापड घेऊन स्टँडवर आली तेव्हा बाबूभाईनंच नाव बदललं.

"मोटार आपली नवरी अन् हे तिची करवली," तो म्हणाला. "नवरी जाईन तिकडं मांगं मांगं."

तेव्हापासून तिचं नाव करवली पडलं. नवरीत बाबूभाई, करवलीत मी, आणि आमच्यामध्ये एक दोरी. दोरीचं एक टोक माझ्या हातात, दुसऱ्या टोकाची घंटी त्याच्या कानापाशी.

वाघाला न भिणारी माणसं आमच्या जंगलात पुष्कळ आहेत. गप्प बसायला भिणारा माणूस मी एकच पाहिला, तो बाबूभाई. मोटार सुरू झाली की त्याचं तोंड सुरू व्हायचं. मोटार घाटाला दमायची, हा दमत नसे. कुणाच्या म्हशीचं दूध आटलं, कुणाची सून माहेराहून आली नाही, सगळं त्याला ठाऊक, आणि त्याला ठाऊक म्हणजे मूलपर्यंत सगळ्यांना ठाऊक. मला त्याचा फार राग यायचा. दोन घटका माणसानं गप्प बसावं, स्टँडवर तरी. एकदा तसं तोंडावर म्हणालो, तेव्हा त्यानं सांगितलं.

मोटारीवर येण्याआधी तो आलापल्लीच्या जंगलात ठेकेदाराच्या लॉरीवर होता. सागाची लाकडं बल्लारशाला आणून टाकायची आणि पुन्हा आत जायचं. पावसाळा सोडला तर घर दिसत नसे. बायको हाजरा चांद्याला एकटी. पोरबाळ नाही. जंगलात सोबतीला माडिया मजूर, भले लोक, पण यांची बोली त्यांना येत नव्हती आणि त्यांची याला.

"मी बोलो, ते हसत. ते बोलत, मी हसो. असं किती दिवस हसावं मानसानं?" बाबूभाई म्हणाला. "मंग मी लाकडाशी बोलाले लागलो, नथ्थू. बोललो तं बोललो. पन एक दिवस लाकूड बोललं. त्याच दिवशी नोकरी सोडली."

हे त्यानं हसत सांगितलं, पण पुढं बराच वेळ तो स्टिअरिंगचं चाक पुसत बसला होता. त्या दिवसापासून मी त्याला गप्प बस म्हणालो नाही.

आता करवलीचा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ती नवरीच्या पावलावर पाऊल टाकून कधी चालली नाही. वळण आलं की कोपरा कापून जवळच्या वाटेनं यायची, मग त्या कोपऱ्यावर मडकी असोत की माणसं. म्हणून वळताना बाबूभाई मोटार आधी भलतीकडे न्यायचा. आमच्या स्टँडजवळच्या वळणावर समोर न्हाव्याचं दुकान होतं. मोटार थेट त्या दुकानात शिरते की काय असं वाटेपर्यंत तो पुढं जायचा आणि मग गर्रकन फिरवायचा. अर्धी दाढी झालेली गिऱ्हाइकं रोज एकदा मागच्या दारानं पळायची. न्हाव्यानं पुढं पुढं मोटार गेल्याशिवाय साबण लावणंच सोडलं.

दुसरी खोड वाईट होती. दोन चाकं मध्ये, पुढं फळ्या, मागं फळ्या. पुढं भार असला तर करवली गरीब गाय. मागं भार झाला की उलाळ. बैलगाडी उलाळ झाली की बैलांची मान वर ओढली जाते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. करवली उलाळ झाली की शेपूट हलवायची. आधी थोडी इकडे, मग थोडी तिकडे, मग जास्त इकडे, आणि मग माझ्या तोंडून रामनाम.

म्हणून जाड माणसं पुढं बसवायची, रोड माणसं मागं. हिशेब सोपा. पण सांगणार कसं? पहिल्याच दिवशी तेलघाणीवाल्या शेठजींच्या बाई आल्या, चांगल्या भरदार, आणि मागच्या फळीवर जाऊन बसल्या. फळी कुरकुरली. बाबूभाईची जीभ, जी कधी अडत नव्हती, ती अडली. जाड म्हणावं तर शेठजी मारणार, लठ्ठ म्हणावं तर बाई मारणार. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "बाई, आमच्या गाडीत वजनदार मानसं पुढं बसतात."

बाईंनी चहूकडे पाहिलं, पदर सावरला आणि मोठ्या तोऱ्यात पुढं येऊन बसल्या. बाबूभाईनं माझ्याकडे बघून डोळा मारला. त्या एका शब्दानं पुढं आमचं वाटोळं केलं.

कारण बातमी बाजारात गेली. करवलीत वजनदार माणसं पुढं बसतात. मग काय विचारता. ज्याला गावात मान तो पुढं, आणि ज्याला मान हवा तोही पुढं. देवाजी नावाचे एक पोलीस पाटील होते. अंगावर इतकं कमी मांस की उन्हात उभे राहिले तर सावलीसुद्धा कंजूषपणे पडे. ते पुढल्या फळीवर आडवा हात टाकून बसू लागले. त्यांच्या शेजारी पेन्शनीत निघालेले एक फॉरेस्टर, तेही काडीच. आणि मिरचीचे बोरे, मिठाची पोती, तेलाचे डबे घेऊन बाजाराला निघालेल्या चांगल्या मजबूत बाया बिचाऱ्या मागं. त्यांना पुढं या म्हटलं तर म्हणत, "नाई बा, आमी गरीब मानसं, आमचं काय वजन?"

शेवटी व्हायचं तेच झालं. एक दिवस करवलीनं शेपूट हलवत हलवत रस्ता सोडला आणि पाटील, फॉरेस्टर, मिरच्या आणि मी असे सगळे एका बांधीतल्या चिखलात जाऊन बसलो. कुणाला लागलं नाही. मिरच्यांचे बोरे मात्र फुटले आणि पाटलांचे डोळे दोन दिवस उघडले नाहीत.

गुणवंतराव तसे भले, पण रागावले की हळू बोलत. त्या दिवशी फार हळू बोलले. "बाबूभाई, करवलीचं चाक अजून एक खेप रस्त्याखाली गेलं तं तिले आलापल्लीच्या ठेकेदाराले विकून टाकतो. त्याले लाकडासाठी पायजेच आहे. अन् ते चालवाले तूच जाशीन. मोटारीवर मी नागपूरचा डायवर आनतो."

बाबूभाई काही बोलला नाही. पहिल्यांदाच काही बोलला नाही, म्हणून मी घाबरलो.

"तुमी सरळ सांगून टाका ना," मी म्हणालो. "जाडे पुढं, रोडे मागं. झालं."

"मानसाले तोंडावर जाडा म्हनू? तू म्हनून पाय."

"मी कंडक्टर आहो. मायं काम तिकिटं फाडनं."

"मंग फाड," तो म्हणाला.

वैशाखात नानाजींच्या भाच्याचं लग्न निघालं. नवरदेवाचे मामा नानाजी म्हणजे चांद्याजवळच्या एका गावचे मोठे धानवाले. वजन दोन्ही अर्थांनी. पंचायतीत त्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं, आणि ते खाटेवर बसले की खाटही हलत नव्हती, दबूनच जायची. नवरीचं गाव मूलच्या अलीकडं. नानाजींनी मोटार करवलीसकट ठरवली. एवढं मोठं गिऱ्हाईक म्हणून गुणवंतराव स्वतः आले आणि बाबूभाईच्या शेजारी बसले.

नवरदेव, बाया आणि लेकरं मोटारीत चढली. पुरुष मंडळी करवलीत. पुढल्या फळीवर देवाजी पाटील आणि त्यांच्यासारखेच चार सुकलेले म्हातारे, आणि त्यांच्या मध्ये, देवाची कृपा, नानाजी. मागं वाजंत्रीवाले आपले ढोल घेऊन, शिवाय आहेराच्या पितळी भांड्यांची पेटी आणि रांधप्यांचे गंज, म्हणजे आचाऱ्यांची मोठाली पातेली. बाबूभाईनं करवलीला एक फेरी मारली आणि कपाळाचा घाम पुसला. एकट्या नानाजींच्या जिवावर तोल सांभाळला जाणार नव्हता. ढोल, पेटी आणि गंज पुढं हवे होते आणि म्हातारे मागं.

मग त्याला युक्ती सुचली. युक्ती सुचलेला बाबूभाई मला कधीच आवडला नाही.

"पाटील," तो मोठ्यानं म्हणाला, "वरातीत पुढं कोन राह्यते?"

"वाजंत्रीवाले," देवाजी पाटील म्हणाले.

"अन् मानाची मानसं?"

पाटलांनी थोडा विचार केला. मग आपण इतका वेळ वाजंत्र्यांच्या जागेवर बसलो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते विंचू चावल्यासारखे उठले. त्यांच्यामागोमाग चारही म्हातारे उठले. मंगरू वाजंत्री ढोल घेऊन पुढं आला, पेटी आली, गंज आले. बाबूभाईचं तोंड फुललं. तेवढ्यात नानाजीही उठले आणि चालत मागं गेले. करवलीचा दांडा कडीत कुईं करून वर उचलला गेला.

"नानाजी, तुमी कायले उठले? तुमी पुढंच बसा ना," बाबूभाई म्हणाला.

"काऊन? मी मानाचा नाई?"

याला उत्तर होतं, पण ते लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या मामाला द्यायचं होतं. पुढून गुणवंतराव भोंगा वाजवून राहिले होते, मुहूर्त टळत होता. बाबूभाई पुढं आपल्या जागेवर गेला आणि गाडी सुरू झाली.

चिचपल्लीपर्यंत करवलीनं लाज राखली. पुढं रस्ता मोकळा झाला तशी ती लागली झुलायला. मी म्हटलं, मामा, जरा पुढं सरका. ते म्हणाले, तू आपली तिकिटं पाय. तिकिटं नव्हतीच, लग्नाची गाडी होती. मग अंधारी नदीचा उतार आला. करवली इकडे गेली, तिकडे गेली, म्हातारे एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसले आणि मी दोरी ओढली. थांबा म्हणून ओढली. एकदा, मग वेड्यासारखी.

बाबूभाई थांबला तर नाहीच, त्यानं गाडी पळवली.

त्याचं मला नंतर कळलं. उतारावर करवली शेपूट हलवू लागली आणि पुढून ब्रेक दाबला, तर मागचा सगळा भार नवरीला ढकलतो आणि करवली आडवी होऊन नवरीच्या शेजारीच येऊन उभी राहते, कधी कधी उलटी. पळवली तर दांडा ताणला जातो आणि ती सरळ होते. पण तेव्हा मला एवढंच वाटलं की लाकूड पुन्हा बोललं. मी डोळे मिटले. एक धक्का बसला, मंगरूचा ढोल उडून नदीच्या वाळूत गेला, आणि मग करवली ताणून सरळ झाली. नदीतलं घोटाभर पाणी उडवत आम्ही पलीकडच्या चढावर येऊन थांबलो.

मंगरू ढोल आणायला धावला. गुणवंतराव उतरून मागं चालत गेले, उतारावरची चाकोरी बघितली आणि परत आले. एक चाक वीतभर रस्त्याखाली गेलेलं दिसत होतं.

"उद्यापासून लॉरी," ते हळूच म्हणाले.

बाबूभाईनं मान डोलवली. मला त्याच्याकडे बघवेना. किती राग केला मी त्याच्या बडबडीचा, आणि आता तो त्या जंगलात एकटा बसलेला दिसायला लागला. तो मात्र सरळ करवलीपाशी आला. पुढं अजून निम्मा रस्ता होता, उतारही होते, आणि आत माणसं होती.

"नानाजी," तो म्हणाला, "तुमी जाडे आहा. पुढं बसा."

सगळे खाली बघू लागले. "मी वजनदार वजनदार म्हनत होतो, ते मानासाठी नोहे," बाबूभाई पुढं म्हणाला. "गाडी उलाळ होऊन राह्यली. तुमी मांगं बसले तं लग्न ऱ्हाईन बाजूले. पुढं बसा, अन् मंग मले काय म्हनायचं ते म्हना."

नानाजींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मोटारीच्या खिडकीतून त्यांची बहीण मनकर्णाबाई, नवरदेवाची आई, डोकं बाहेर काढून म्हणाली, "मी लहानपनापासून सांगून राह्यली, तवा कोनी आयकलं नाई."

नानाजी उठले. पुढल्या फळीवर येऊन मंगरूला सरकवून बसले. बाकीच्या वाटेत करवली नवरीच्या मागं अशी चालली की माझ्या हातातली दोरीसुद्धा हलली नाही. नानाजी तोंड फिरवून बसले होते.

लग्न लागलं. पंगतीत नानाजींनी बाबूभाईकडे पाहिलं नाही. मामा रुसला म्हणून व्याह्यांची धावपळ झाली, कुणी म्हणालं भात गरम नव्हता, कुणी म्हणालं टोपी हलकी दिली. खरं कारण आम्ही सांगितलं नाही. बाबूभाई वांग्याची भाजी पानात तशीच ठेवून उठला.

परतीच्या वेळी नानाजी करवलीपाशी सगळ्यांच्या आधी येऊन उभे राहिले. धोतराचा सोगा खोचला आणि जन्मभर धानाच्या गाड्या भरल्या तशी त्यांनी करवली भरायला घेतली.

"मंगरू, तुया ढोल पुढं. पेटी पुढं. देवाजी, तू मांगं."

"मी पोलीस पाटील आहो," देवाजी म्हणाले.

"गावात आहेस. गाडीत तू तनसाची पेंडी आहेस. पेंडी कोनी पुढं ठेवते का? मी पोतं आहो. हे पाय, बसलो पुढं."

देवाजी मागं गेले. त्यांचे चार म्हातारेही गेले. अंधारीचा उतार करवली अशी उतरली की म्हाताऱ्यांची झोप मोडली नाही. चांद्याच्या वेशीशी दिवस मावळतीला आला होता. गुणवंतराव नानाजींना उतरवून घ्यायला आले.

"पुढच्या महिन्यात माया पोरीचं लग्न आहे," नानाजी म्हणाले. "हेच मोटार, हेच करवली, हाच डायवर. याले लॉरीवर धाडत असशीन तं सांग, मी बैलगाड्या जुंपतो."

गुणवंतरावांनी एकदा करवलीकडे पाहिलं, एकदा नानाजींच्या गावाच्या दिशेला. त्या गावात लग्नाची घरं पुष्कळ होती. "लॉरीचं कोन म्हनलं?" ते म्हणाले, आणि या खेपेला बरेच मोठ्यानं म्हणाले.

बाबूभाईशी मात्र नानाजी पुन्हा बोलले नाहीत. पोरीच्या लग्नात नाही, नंतर सात-आठ वर्षं त्याच्याच मोटारीतून येत-जात राहिले तेव्हाही नाही. काही सांगायचं असलं तर माझ्या तोंडून सांगत. पुढल्या फळीवरची जागा मात्र त्यांनी कधी सोडली नाही.

त्या संध्याकाळी मी बाबूभाईबरोबर त्याच्या घरावरून निघालो. त्या लग्नाच्या गावातून दुपारी दुसरी एक मोटार चांद्याला आली होती आणि तिच्यातल्या माणसांनी स्टँडवर सांगितलं होतं की बाबूभाई उद्या लॉरीवर चालला. ते हाजराभाभीपर्यंत पोचलं होतं. दारात गाठोडं बांधून ठेवलेलं दिसलं. मच्छरदाणी, घोंगडं, जर्मनचं पातेलं, आणि वर आंब्याच्या लोणच्याची बरणी.

"नाई जाऊन राह्यलो," बाबूभाई म्हणाला.

हाजराभाभी खाली बसल्या आणि गाठोडं सोडायला लागल्या. गाठ सुटेना. गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी गाठ.

"इतकी पक्की कायले बांधली?" बाबूभाईनं विचारलं.

"दुपारपासून सोडून राह्यली अन् बांधून राह्यली," त्या म्हणाल्या. "घरात दुसरं काय करू? बोलाले कोन आहे?"

बाबूभाई तिच्यासमोर खाली बसला, गाठोडं आपल्या मांडीवर ओढलं आणि दातांनी गाठ सोडवू लागला.